गाजर गवत : फुलाआधी उपटा, पण उघड्या हाताने नको

पावसाच्या दोन-चार सरी पडल्या की शिरूर-दौंडच्या वस्त्यांमध्ये घरामागे, गटाराकडेला, परसबागेत गाजर गवत माजते. पाने गाजरासारखी, फुले बारीक पांढरी. काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. मूळचे ते अमेरिका खंडातले. आपल्या देशात त्याचा फैलाव १९५५ साली पुण्यातच प्रथम लक्षात आला. आयात गव्हासोबत त्याचे बी आले, असे मानले जाते.

खुरपणीला जाणाऱ्या आणि साफसफाई करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना याचा त्रास सर्वांत जास्त. पापण्या, मान, कोपराची खोबण येथे खाज सुटते, कातडी जाड व काळी पडते, उन्हात आग वाढते. काहींना शिंका येतात, दम लागतो. ही खाज एकाची दुसऱ्याला लागत नाही. म्हणून अशा बाईचे ताट-अंथरूण वेगळे करू नका.

मग काय करावे?

- फुले येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. फुलावर आल्यावर एकेक झाड हजारो बिया टाकते.
- हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच. काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवा, कपडे वेगळे धुवा.
- बिनफुलाचे गवत खड्ड्यात कुजवून खत करा. जाळू नका, धुराने दम्याचा त्रास वाढतो.
- मोकळ्या जागी तरोटा किंवा झेंडू पेरा. ही झाडे दाट वाढली की गाजर गवताला जागा उरत नाही.
- पानांवर पिवळसर, काळ्या रेघांचे छोटे भुंगे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगे हेच गवत खातात.
- मिठाचे पाणी फवारायचे तर फक्त फरशीच्या फटीत. बागेत मारले तर माती खराब होते.

खाज आठवड्यात न थांबल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. मेडिकलमधून मनाने ट्यूब आणून लावू नका. त्यातल्या काही मलमांनी कातडी पातळ होते. दम लागला तर तडक दवाखाना गाठा.

एका घराने उपटून भागत नाही. शेजारचे बी उडून येतेच. म्हणून जूनअखेर सगळ्या वस्तीने एक दिवस ठरवावा. आणि गवत काढायला आपली माणसे लावणाऱ्या ग्रामपंचायतीकडे, नगरपरिषदेकडे, ठेकेदाराकडे आधी हातमोजे व बूट लेखी अर्जाने मागावेत, अर्जाची पोच घ्यावी. हातमोजे मागणे म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे, तो कामगाराचा हक्क आहे, हेच आम्ही प्रत्येक वस्तीत सांगत आहोत.