परदेशातला पोस्टडॉक: शोध कधी सुरू करायचा?

सणसवाडीतून बोलतोय. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर चालवून घ्या, नगर रोड जवळच आहे.

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतो: "दादा, पीएचडी संपत आलीय, परदेशात पोस्टडॉक कुठे शोधू?" माझं म्हणणं, 'कुठे'च्या आधी 'कधी' विचारा.

पण पहिलं म्हणजे, पोस्टडॉक हे ॲडमिशन नाही, नोकरी आहे. मुदतीची, साधारण एक ते तीन वर्षांची, पण पगाराची. घरी 'अजून शिकतोच आहे' असं सांगू नका राव! आणि 'जागा मिळवून देतो, पैसे भरा' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

ही वाट जुनी आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईच्या यूडीसीटीतून 1969 मध्ये पीएचडी झाले, पुढे इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठात गेले आणि 1976 मध्ये पुण्याच्या एनसीएलमध्ये आले.

आता जागा दोन प्रकारांनी मिळते. एक, प्राध्यापकाकडे प्रकल्पाचा पैसा असतो आणि तो माणूस शोधत असतो. युरोपातल्या जाहिराती युराक्सेस पोर्टलवर फुकट दिसतात, गणितवाल्यांसाठी मॅथजॉब्स आहे. पण जाहिरात यायच्या आधीही सरळ ईमेल करता येतो. 'आदरणीय सर, आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची इच्छा आहे' हेच पत्र दोनशे जणांना पाठवलं, तर कोण वाचणार? त्यापेक्षा दहा जणांनाच लिहा. त्यांचा अलीकडचा एक पेपर खरोखर वाचा. त्यातलं पुढचं काय तुम्हाला करता येईल, ते तीन-चार ओळींत सांगा. कोणतं यंत्र, कोणतं सॉफ्टवेअर हाताखालून गेलंय तेही लिहा. सोबत सीव्ही जोडा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. एकदाच हां.

दुसरा प्रकार म्हणजे स्वतःची फेलोशिप, आणि खरी गंमत इथे आहे. युरोपची मेरी क्युरी फेलोशिप घ्या. अर्जाची शेवटची तारीख साधारण सप्टेंबरात असते. त्या दिवसापर्यंत तुमची पीएचडी झालेली हवी, निदान व्हायवा तरी पार पडलेला हवा. प्रबंध नुसता जमा केलेला चालत नाही! आपल्याकडे प्रबंध जमा होतो, परीक्षकांचे अहवाल यायला महिने जातात. व्हायवा ऑक्टोबरात गेला की त्या वर्षीची संधी गेली. शिवाय ज्या देशात जायचं, तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही.

घड्याळ दुसऱ्या बाजूनेही चालतं. जीवशास्त्रवाल्यांच्या एम्बो फेलोशिपला पीएचडीनंतर साधारण दोनच वर्षं मिळतात. म्हणजे पदवी उशिरा आली तरी अडचण आणि पदवी घेऊन नुसतं बसून राहिलं तरी अडचण.

म्हणून प्रबंध जमा करायच्या वर्षभर आधी ईमेल सुरू करा. मेरी क्युरीसाठी तिथला प्राध्यापक एप्रिल-मेपर्यंत ठरलेला बरा, कारण प्रस्ताव दोघांनी मिळून लिहायचा असतो. आणि गाईडना आजच विचारा, परीक्षकांची यादी विद्यापीठात गेली का? शिफारसपत्र कोण देणार, तेही त्याच भेटीत ठरवून टाका. नियम बदलत राहतात, त्यामुळे त्या-त्या वर्षीची सूचना नीट वाचा.

ऑनलाइन मुलाखतीत काय विचारतात, ते पुढच्या भागात.