गारवेलीच्या फुलाचे नाव लाभलेला नेत्रदोष

गारवेलीचे कर्ण्यासारखे फूल पहाटे उमलते व ऊन चढताच मिटते. बालकांच्या एका दुर्मिळ जन्मजात नेत्रदोषास याच फुलाचे नाव मिळाले आहे.

डोळ्यातील प्रतिमा दृष्टिमज्जातंतू मेंदूकडे नेतो. काही बालकांत त्याचे डोळ्यातील टोक गर्भावस्थेतच नीट घडत नाही. ते रुंद व नरसाळ्यासारखे खोलगट होते, आणि रक्तवाहिन्या त्याच्या कडेपासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरतात. ही आकृती पाहून नेत्रवैद्य पीटर किंडलर यांनी १९७० साली तिला ‘मॉर्निंग ग्लोरी’ हे नाव दिले.

दोष बहुधा एकाच डोळ्यात असतो, आणि म्हणूनच तो लपून राहतो. बालक चांगल्या डोळ्याने पाहते, खेळते. घरच्यांस शंकाही येत नाही. यास्तव डोळा तिरळा वाटल्यास, बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास, किंवा एकच विशिष्ट डोळा झाकताच मूल रडू लागल्यास विनाविलंब नेत्रवैद्य गाठावा.

मज्जातंतूची घडण बदलता येत नाही. मग उपचार कशासाठी? आधू डोळ्याची अस्पष्ट प्रतिमा मेंदू हळूहळू नाकारू लागतो व उरलीसुरली दृष्टीही वाया जाते. ती राखण्यासाठी चष्मा देतात आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठराविक वेळ पट्टी लावतात. मूल पट्टी ओढते, आईचे मन द्रवते. परंतु बालपणाची ही वर्षे पुन्हा येत नाहीत. पट्टीची वेळ मात्र वैद्य सांगेल तेवढीच असावी, अधिक नव्हे.

अशा सुमारे एकतृतीयांश रुग्णांत पुढे दृष्टिपटल सुटते; म्हणून नियमित तपासणी चुकवू नये. मेंदूच्या तळाशी वा रक्तवाहिन्यांतही दोष असू शकतो, यासाठी एमआरआय करवून घ्यावे. नाकात गाठ आढळल्यास या तपासणीवाचून ती मुळीच कापू देऊ नये. ती मेंदूचाच बाहेर आलेला भाग असू शकेल.

निरोगी डोळा जपणे हेही तितकेच अगत्याचे. विटीदांडू व फटाक्यांपासून रक्षण व्हावे म्हणून न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा मुलास नित्य वापरू द्यावा.

आणि शेवटी एक विनंती. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, असा ठपका कोणी मातेवर ठेवू नये. हा दोष बहुधा आनुवंशिकही नसतो. दुसरा डोळा निकोप असल्यास असे मूल इतरांप्रमाणेच शिकते व वाढते. त्यास दयेची नव्हे, दक्ष आईबापांची गरज आहे.