छत्तीस हजार विहिरी, पाणी नकोच!

मराठवाड्यात शेतकरी चारशे फूट बोअर मारतो आणि वर नुसता फुफाटा आला की कपाळाला हात लावतो. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी बॉल स्टेट विद्यापीठाने २००९ पासून चारशे ते पाचशे फूट बोअर मारले, तेही पाण्यासाठी नव्हे! किती? सुमारे ३,६००!

तिथे जमिनीच्या पोटात तापमान बारमाही तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास. नळ्यांतून पाणी फिरवायचं, हिवाळ्यात ऊब वर आणायची, उन्हाळ्यात इमारतींची उष्णता खाली नेऊन मुरवायची. यंत्राला हे कसं साधतं ते इंजिनिअर जाणोत. आपण आपले आकडे मोजू.

गावची विहीर चाळीस फूट धरा. एका बोअरमध्ये तशा दहा, एकीखाली एक. म्हणजे ३६,००० विहिरी! रोज एक खणून पुरी केली, दिवाळीचीही सुट्टी घेतली नाही, तरी अठ्ठ्याण्णव वर्षं! पणजोबांनी पहिली कुदळ मारली असती तर पणतू आत्ता कुठे हात झटकत असता. आणि या विहिरींवर दिसतं काय? खेळाची मैदानं आणि मोटारी लावायच्या जागा.

आता बोअर आडवे पाडून एकापुढे एक मांडा. चारशे फुटांनीच मोजले तरी ४३९ किलोमीटर! मुंबईहून पुणे, परत मुंबई, पुन्हा पुण्याची वाट, की आलंच वाकड. नळ्या तर खाली जाऊन वळून वर येतात. त्यांची लांबी १,६०० किलोमीटरच्या वर! राजधानी एक्स्प्रेस रात्रभर धावून १,३८४ किलोमीटरवर दिल्लीला थांबते; ही नळी दिल्ली मागे टाकून अंबाला गाठते!

एवढ्यावर ४७ इमारतींची ऊब आणि गारवा भागतो. पन्नास लाख चौरस फुटांच्या वर, म्हणजे मुंबईतले पाचशे फुटांचे दहा हजार फ्लॅट!

खर्च? आठ कोटी डॉलरच्या वर. डॉलर ८५ रुपयांनी धरा, ६८० कोटी. धस्स झालं ना? बचत वर्षाला वीस लाख डॉलर, म्हणजे रोजचे साडेचार लाख रुपये. तरी मुद्दल वसूल व्हायला चाळीस वर्षं. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.

पण खरा आकडा कोळशाचा. विद्यापीठाच्या इमारती आधी उबदार ठेवणाऱ्या जुन्या चार बॉयलरांच्या पोटात वर्षाला ३६,००० अमेरिकी टन जायचा! आपल्या अठ्ठावन्न डब्यांच्या आठ-नऊ मालगाड्या. फाटकाशी उभे राहा आणि मोजा: शंभर डबे, दोनशे, तीनशे, चारशे, पाचशे!

२०१४ पासून तिथे कोळशाचा एक खडाही जळलेला नाही.