दुसरा अंगरखा

पुणेकराला प्रायश्चित्त म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. 1890 च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली आणि पेलाभर चहाने सारे शहर ढवळून निघाले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी माणसे त्या यादीत होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले. विधी झाला, वाद हळूहळू निवला.

गंमत अशी, की ज्यांच्या अंगणात हा चहा झाला, त्या ख्रिस्ती लोकांच्या धर्मातही पश्चात्तापाला मोठे स्थान आहे. पण तिथे त्याचा अर्थ थोडा निराळा. आपल्या 'पश्चात्ताप' या शब्दात नंतर होणारा ताप आहे, मनातल्या मनात जळणे आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये 'मेटानोइया' हा शब्द येतो. त्याचा अर्थ मन पालटणे. आता, मन पालटले हे ओळखायचे कसे? माझा जन्म बँकेत गेला. पुराव्याशिवाय नोंद करायची नाही, ही सवय अजून सुटलेली नाही. म्हणून लूकच्या शुभवर्तमानातला तिसरा अध्याय मला फार जवळचा वाटतो. तिथे लोकांनीच हा प्रश्न विचारला आहे.

यार्देन नदीच्या काठी बाप्तिस्मा देणारा योहान पश्चात्ताप करा म्हणून सांगत असतो. लोक विचारतात, मग आम्ही नेमके करायचे काय? योहान उपवास सांगत नाही, यात्रा सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, अन्नाचेही तसेच करावे, एवढेच सांगतो. पुढे जकातदार येतात. त्यांना तो म्हणतो, ठरले आहे त्याहून जास्त घेऊ नका. शेवटी शिपाई येतात. त्यांना सांगतो, कुणाला धमकावून पैसे काढू नका आणि आपल्या पगारात समाधान माना.

कात्रजला राहणाऱ्या माणसाला 'जकातदार' हा शब्द वाचून थोडे हसू येते. 2013 मध्ये पुण्यातली जकात बंद झाली, तोवर घाट उतरून शहरात माल आणणाऱ्या गाड्यांना नाक्यावर थांबावेच लागे. रांग, पावत्या, ड्रायव्हरची घाई हे सारे इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. योहानाच्या काळी मात्र जकातीचा मक्ता दिला जाई. सरकारचे देऊन वर जे उरेल, ते मक्तेदाराचे. तेव्हा 'ठरलेलेच घ्या' हा साधा उपदेश नव्हता. रोजच्या मिळकतीवर पाणी सोडा, असे ते सांगणे होते. तरीही नाका सोडून रानात या, असे योहान म्हणत नाही. खुर्ची तीच, वही तीच. फक्त हात बदलला पाहिजे.

बँकेत संध्याकाळी रोकड जुळवताना कुणी कितीही हळहळले, तरी ती जुळत नाही. कमी पडलेली नोट परत आली, तरच जुळते. लूकनेच पुढे, एकोणिसाव्या अध्यायात, जक्कय नावाच्या मुख्य जकातदाराची गोष्ट सांगितली आहे. येशू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा हा गृहस्थ अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे कबूल करतो. पश्चात्तापाचा इतका चोख ताळेबंद मी दुसरीकडे पाहिला नाही.

योहानाच्या पहिल्या उत्तरात दान आहे, शेवटच्या उत्तरात समाधान. मला वाटते, ही दोन्ही एकच आहेत. आपल्याकडे दुसरा अंगरखा आहे, हे कळायलाच आधी समाधान लागते. कर्जाच्या टेबलावर बसून 'भागत नाही हो साहेब' हे वाक्य मी शिपायाच्या तोंडून ऐकले, तसेच बंगलेवाल्याच्याही. ज्याचे कधीच भागत नाही, त्याच्या कपाटात पन्नास अंगरखे असले तरी दुसरा सापडत नाही.

महाराष्ट्रात हे ज्यांनी जगून पाहिले, त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घर आठवते. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. 1917 मध्ये तर त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. पण या औदार्याची किंमत कुणी मोजली, हे 'स्मृतिचित्रे' वाचले की समजते. हात सैल नवऱ्याचा आणि रिकामा डबा बायकोपुढे! लक्ष्मीबाईंनी ते सारे हसत लिहिले, म्हणून आपण हसत वाचतो. दान देताना ते आपल्याच ताटातले आहे ना, की दुसऱ्याच्या, हे पाहावे लागते. तो धडा मी त्यांच्याकडून घेतला.

आणि मनपालट म्हणावा तर तोही त्यांचाच. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईने बाप्तिस्म्याच्या आधीच जातिभेद मनातून काढून टाकला आणि त्या कुणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. पेलाभर चहाला प्रायश्चित्त लागत होते, त्याच दशकातली ही गोष्ट. त्यांचे मन पालटले ते आधी स्वयंपाकघरात दिसले.

आज कात्रजच्या टेकड्यांपर्यंत सोसायट्या चढल्या आहेत. दिवाळीआधी घरोघर कपाटे रिकामी होतात. विरलेल्या साड्या, कॉलर फाटलेले शर्ट कामवाल्या बाईंच्या पिशवीत जातात आणि आपल्याला दान केल्यासारखे वाटते. बोहारणीला दिले तर बदल्यात भांडे येते. तो तर सरळ सौदाच झाला. योहान दुसरा अंगरखा द्या म्हणाला, फाटका द्या म्हणाला नाही. आणि त्या बाईंचा पगार शेवटचा कधी वाढवला, हा प्रश्नही त्याच कपाटात घडी घालून ठेवलेला असतो.

येत्या आवराआवरीत चांगल्यातला एक कपडा बाहेर काढून पाहा. हात जितका वेळ घुटमळेल, तितके मन पालटायचे उरले आहे.