टॅबलेट घेताना इंच नाही, आकार बघा

टॅबलेट घ्यायचा म्हटलं की सगळे आधी इंच विचारतात. पण इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. रुंदी त्यातून कळतच नाही. ११ इंची, लांब आणि आखूड बाजूचं प्रमाण १६:१० असलेली स्क्रीन उभी धरली तर जेमतेम १४.८ सेंटीमीटर रुंद भरते, तेवढ्याच इंचाची ४:३ स्क्रीन १६.८. रोजच्या वापरात पीडीएफ, पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं असतील, तर हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. ए४ कागदाचं प्रमाण साधारण १.४१:१. त्यामुळे ४:३ किंवा ७:५ स्क्रीनवर पान जवळपास पूर्ण बसतं. १६:१० सारख्या लांबट स्क्रीनवर ते आक्रसतं, वरखाली पट्टे रिकामे राहतात, आणि ‘ष्ट्र’सारखं जोडाक्षर किंवा शब्दावरचा अनुस्वार पुसट होतो.

झूम करता येतं की, असं कुणी म्हणेल. येतं, पण प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत वाचणं फार काळ जमत नाही. सिनेमे मात्र १६:१० वरच छान दिसतात, हे अगदी खरं. मुख्य वापर तोच असेल तर बिनधास्त लांबट घ्या. वाचन जास्त असेल तर दुकानात टॅबलेट उभा धरा, एक स्कॅन केलेलं मराठी पान उघडा आणि झूम न करता वाचून बघा.