नकाशावरील गावांची नावे आणि संगणकातील अक्षरसंच

बुऱ्हाणपूर जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाड जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. तापीकाठचा हा जिल्हा मध्य प्रदेशात असला तरी त्याच्या सीमेला जळगाव, बुलढाणा व अमरावती हे महाराष्ट्रातील जिल्हे लागून आहेत. त्यामुळे येथील नदीनाल्यांचे व रस्त्यांचे नकाशे दोन्ही राज्यांना उपयोगी पडणारे असून ते हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांत लागतात. हल्ली असे नकाशे क्यूजीआयएससारख्या विनामूल्य संगणकप्रणालीवर तयार करता येतात. ही प्रणाली विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर चालते. तथापि नकाशा एका संगणकावरून दुसऱ्यावर नेला असता गावांची नावे बिघडतात, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो.

याचे कारण साधे आहे. नकाशाच्या फाइलमध्ये सामान्यतः अक्षरसंचाचे, म्हणजे फॉन्टचे, केवळ नाव नोंदलेले असते. अक्षरे तीत नसतात. ती प्रत्येक संगणकाने आपल्या कोठारातून काढावयाची असतात, आणि ही कोठारे निरनिराळ्या जागी असतात. विंडोजमध्ये ती ‘विंडोज’ या फोल्डरातील ‘फॉन्ट्स’ येथे, लिनक्समध्ये बहुधा ‘यूएसआर-शेअर-फॉन्ट्स’ येथे, तर मॅकमध्ये ‘लायब्ररी’तील ‘फॉन्ट्स’ येथे असतात. शिवाय प्रत्येक वापरकर्त्याचे खाजगी कोठार वेगळेच. विंडोज १० च्या २०१८ मधील सुधारित आवृत्तीपासून एका कर्मचाऱ्याने स्वतःपुरता बसविलेला फॉन्ट त्याच संगणकावर दुसऱ्या नावाने काम करणाऱ्यास दिसत नाही. एकाच टेबलावरील संगणकात सकाळी उमटणारी नावे दुपारी का उमटत नाहीत, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते.

नेमलेला फॉन्ट न मिळाल्यास प्रणाली दुसरा वापरते. त्यात देवनागरी नसेल तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. खरा धोका दुसराच आहे. बदली फॉन्टची अक्षरे रुंद असली तर नावे एकमेकांवर येऊ लागतात, आणि नावांची टक्कर टाळण्यासाठी प्रणाली त्यांतील काही नावे गाळून टाकते. नकाशा देखणा दिसतो, पण एखादी वाडी त्यावर नसते! ग्रामसभेत असा नकाशा मांडला गेल्यास आपले गाव योजनेतून वगळले, असा ग्रामस्थांचा समज झाला तर त्यांना दोष कसा द्यावा?

यावर पहिला उपाय म्हणजे मुक्त परवान्याचा फॉन्ट निवडणे. विंडोजसोबत येणारा ‘मंगल’ मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा असल्याने तो वाटेल त्या संगणकावर उतरवून घेता येत नाही. ‘नोटो सॅन्स देवनागरी’ किंवा मुंबईच्या आयआयटीचा ‘शोभिका’ हे मात्र नकाशासोबत पाठविता येतात. क्यूजीआयएसच्या नव्या आवृत्त्यांत वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये ‘फॉन्ट्स’ नावाचे फोल्डर करून त्यात फाइल ठेवली की पुरते; तिन्ही प्रकारच्या संगणकांवर रीत एकच राहते. संकेतस्थळावर नकाशे देणाऱ्या ‘मॅपसर्व्हर’ प्रणालीत तर फॉन्टचे टोपणनाव व त्याची जागा यांची स्वतंत्र यादीच असते. तीत ड्राइव्हच्या अक्षरासह पूर्ण पत्ता न लिहिता यादीच्या जागेपासूनचा पत्ता लिहावा. लिनक्स रोमन लिपीतील लहानमोठी अक्षरे भिन्न मानते, हेही ध्यानात असावे.

ज्यांना नकाशा फक्त छापावयाचा आहे त्यांनी अक्षरांची रेखाकृती करून पीडीएफ काढावी. तिला फॉन्ट लागत नाही. मात्र तीत गावाचे नाव शोधता येत नाही.

‘कृतिदेव’मध्ये टंकलिखित जुन्या याद्यांना यांपैकी कोणताही उपाय लागू पडत नाही. त्यांत देवनागरी दिसत असली तरी आत रोमन अक्षरांचीच नोंद असते. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात.

चाचणीसाठी ‘बुऱ्हाणपूर’ हेच नाव उत्तम. हिंदीतील ‘बुरहानपुर’ बहुतेक फॉन्टमध्ये सुखरूप उमटते. मराठीतील ‘ऱ्ह’ मात्र फॉन्टची परीक्षा घेतो. ‘ह’वर रफार चढला किंवा पाय मोडलेला ‘र’ सुटा दिसला, तर टंकलेखन तपासावे. ते बरोबर असेल तर तो फॉन्ट मराठी नकाशासाठी घेऊ नये. त्यानंतर ‘जळगाव’ लिहून ‘ळ’ पाहावा, आणि अखेरीस नकाशावर उमटलेली नावे मोजून गावांच्या मूळ यादीशी ताडून पाहावीत.