पैसा पडला एका खात्यात, व्याज चढले दुसऱ्या खात्यात

रोवणीच्या दिवसांत हातात पैसा नसतो, धान विकला की येतो. म्हणूनच कन्हान परिसरातल्या आपल्या बऱ्याच गटांची बँकेत दोन खाती असतात: एक बचतीचे, दुसरे सीसी म्हणजे कॅश क्रेडिटचे. सीसी खात्यातून मंजूर मर्यादेपर्यंत पैसे उचलता येतात, आणि व्याज फक्त उचललेल्या रकमेवर, तेही रोजच्या हिशोबाने लागते.

आमच्या एका गटाची चूक सांगतो. बचत खात्यात पैसे पडून होते, पण सीसी खात्यात महिनाभर एक रुपयाही भरला गेला नाही. पैसा असून गट अनियमित ठरला!

अभियानाच्या व्याज सवलतीसाठी सीसी खाते नियमित लागते. म्हणजे बाकी मर्यादेच्या वर सलग 30 दिवसांपेक्षा जास्त राहू नये, महिन्यातून निदान एकदा भरणा व्हावा आणि त्या महिन्यात लागलेले व्याज तरी त्यातून निघावे.

आता हिशोब करू. समजा, सीसीतून 1 लाख उचलले. 7 टक्क्यांनी महिन्याचे व्याज साधारण 583 रुपये. बचत खात्यात 40 हजार पडून आहेत, त्यावर व्याज याहून कमीच मिळते. ते 40 हजार सीसीत भरले, तर बाकी 60 हजार राहते आणि व्याज 350 रुपये होते. महिन्याला 233 रुपये वाचले. गरज पडली की मर्यादेत पुन्हा उचलता येतात. मात्र मर्यादा चालू आहे का, नूतनीकरण कधी आहे, हे बँकेत आधी विचारा.

सगळा पैसा मात्र सीसीत टाकू नका. दोन-तीन महिन्यांचे व्याज आणि आजारपणाला लागेल तेवढे बचत खात्यात ठेवा. दर बैठकीत दोन्ही पासबुके उघडा, ठराव लिहा आणि त्याच आठवड्यात भरणा करा. बचत प्रत्येकीची आहे, म्हणून पैसा कुठेही गेला तरी वहीत तिच्या नावावर दिसलाच पाहिजे.

आणखी एक. 10 लाखांपर्यंतच्या गट कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, गटाचे बचत खातेही अडवून ठेवू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. बचतीतून सीसीत पैसे भरायचे की नाही, हे गट ठरवेल. कोणी खाते अडवलेच, तर गप्प बसू नका. अध्यक्ष, सचिव मिळून जा आणि कारण लेखी मागा.

पुढच्या बैठकीला दोन्ही पासबुके आणाल ना?